प्रकल्प नोंदी: नोकरी हिंजवडीला, पण राहायचं कुठं

११ फेब्रुवारी २०२५
ऑफर लेटर आलं एकदाचं. पुण्याचं हिंजवडी आयटी पार्क, फेज २, जॉइनिंग २ जून, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. इथला नाशिकचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे म्हणजे राजीनामा या महिनाअखेरीस टाकायचा. घर शोधायचंय पण त्याआधी एरिया ठरायला पाहिजे. ही फाईल कशासाठी, तर आम्ही नवराबायको सगळं चहा पिताना तोंडी ठरवतो आणि मग पंधरा दिवसांनी "तू असं म्हणालीच नव्हतीस" वरून वाजतं, त्यात भाऊजी पण पुण्यात नोकरी बघतायत म्हणजे तेही हेच सगळं विचारणार, तर एकदाच लिहून ठेवते.

घरातली माणसं: मी. नवरा, अकाउंट्स आणि जीएसटी रिटर्नची कामं घरूनच करतो, क्लायंट सगळे सातपूर-अंबडचे, महिन्यातून एकदोनदा नाशिकला यावंच लागणार. चिऊ, जूनमध्ये पाचवीत, सेमी इंग्लिश. आबा, माझे सासरे, वय ७४, एक गुडघा कामातून गेलेला, तरी सकाळ-संध्याकाळ फिरल्याशिवाय अन्न पचत नाही आणि बोलायला माणूस लागतं. बजेट भाड्याचं २५ हजार, फार ताणलं तर २८. विकत घ्यायचा विषय आत्ता नाहीच. गाव मानवतं का ते कळायच्या आधी वीस वर्षांचं लोन कोण घेणार.

१६ फेब्रुवारी
ज्याला विचारावं तो म्हणतो वाकड घे. नवीन टीममधल्या दोघांना विचारलं, वाकड. मावसबहीण वाकडलाच राहते, ताई तर म्हणाली "विचारायचं काय त्यात, ये इकडं, शेजारीच फ्लॅट रिकामा होतोय". बाकी नावं आली ती बाणेर, बालेवाडी, पिंपळे सौदागर, ताथवडे, पुनावळे, रावेत, आणि खुद्द हिंजवडी फेज ३ म्हणजे माण.

सिंहगड रोड नवऱ्याच्या मित्रानं सुचवलेला, तिकडं भाडं कमी आहे पण अंतर बघून आधीच काट मारली होती. शिवाय जानेवारीपासून तिकडं नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (हातपाय लुळे पडतात तो गियाँ-बारे आजार) पेशंट निघतायत आणि सगळं बोट पाण्याकडं जातंय. ही गावं महापालिकेत आली, किरकटवाडी-नांदेड तर २०२१ मध्येच, पण महापालिकेत येणं आणि महापालिकेचं शुद्ध पाणी नळाला येणं ह्यात बरंच अंतर असतं हे ह्या निमित्तानं डोक्यात पक्कं बसलं. एरिया कुठलाही बघितला तरी पहिला प्रश्न पाण्याचा, हे आजच ठरवून टाकतेय.

२२ फेब्रुवारी
शनिवार, पहिली चक्कर. बाणेर-बालेवाडी बघून घेतलं म्हणजे मनात राहायला नको. छान आहे, खोटं कशाला बोलू, हायस्ट्रीटला चिऊ तर हरखूनच गेली. टू बीएचके ३८ पासून पुढं, मेंटेनन्स वेगळा, डिपॉझिट तीन महिन्यांचं, ब्रोकरला एक महिना. बजेटच्या एवढं बाहेर की भांडायलाही काही उरलं नाही. महाळुंगे-सूसकडं जरा स्वस्त आहे, तिकडं टँकर आलेच.

ब्रोकर प्रत्येक फ्लॅटच्या बाल्कनीतून मेट्रोचे पिलर दाखवतो, "मॅडम मेट्रो आली की रेट बघा कुठं जातो". माण ते शिवाजीनगर, २३ किलोमीटर, २३ स्टेशनं, पिलर उभे आहेत ते दिसतंय मलाही. पण भाडं मी आजपासून देणार आणि मेट्रो येणार तेव्हा येणार, तोपर्यंत तो घर घेणाऱ्याचा फायदा, भाडेकरूचा नाही.

६ मार्च
मुद्दाम गुरुवार पकडला, सुट्टी टाकून. शनिवार-रविवारी हिंजवडी बघणं म्हणजे परीक्षा नसताना शाळा बघणं.

काल रात्री ताईकडं मुक्काम, सकाळी तिची स्कूटर घेऊन वाकडच्या दत्त मंदिर रोडवरून पावणेनऊला निघाले. मॅपवर फेज २ सहा-सात किलोमीटर. भूमकर चौकापर्यंतच वीस मिनिटं गेली. तिथं अंडरपासच्या तोंडाशी चारी बाजूनी गाड्या येतात, सिग्नल असून नसल्यासारखा, ट्रॅफिक पोलीस हातानंच सोडतो, एकेका बाजूची रांग सुटली की निम्मी पलीकडं जाते आणि निम्मी मध्येच अडकते, मग दुसऱ्या बाजूवाले हॉर्न वाजवायला लागतात. दुचाकीवाले फुटपाथवरून, म्हणजे जिथं फुटपाथ आहे तिथं. पुढं शिवाजी चौकात मेट्रोच्या कामामुळं रस्ता आधीच अंग चोरून उभा. ऑफिसच्या गेटला पोचले तेव्हा साडेनऊ होऊन गेलेले. म्हणजे सहा किलोमीटरला पाऊण तास, तेही स्कूटरवर, पाऊस नसताना.

ह्यातून एक कळलं ते लिहून ठेवते: हिंजवडीला अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. आत शिरायची दारं मोजकीच आहेत, वाकड-भूमकर एक, बाणेरकडून महाळुंगे-माण एक, मागून मारुंजीकडून एक, आणि वेळ सगळा त्या दारात जातो. दारापर्यंत तुम्ही चार किलोमीटरवरून या नाहीतर दहावरून, दारातली रांग तीच. दहावाल्याला फक्त मोकळ्या रस्त्याचे थोडे जास्त मिनिट लागतात. ताईला हे सांगितलं तर म्हणाली "हे तुला आल्यावर सुचणारच, पण जवळ ते जवळच". बरं.

९ मार्च
मग म्हटलं दाराच्या आतच राहिलं तर? माणला फेज ३ च्या बाजूला जाऊन आलो. टू बीएचके २२-२४ मध्ये मिळतायत, सोसायट्या मोठ्या, स्विमिंग पूल वगैरे, ऑफिस पंधरा मिनिटांवर. नवरा जवळजवळ तयार झालेला. मग आबांना गेटच्या बाहेर चक्कर मारून या म्हटलं. पाच मिनिटांत परत. "अगं जायचं कुठं? रस्त्याला कडाच नाही." खरंच नाही, गेटच्या आत सिमेंटचे ब्लॉक आणि झाडं, बाहेर डंपर आणि खडी. दवाखाना, भाजी, दळण सगळं आतल्या दुकानांत नाहीतर गाडी काढून. आणि हा भाग महापालिकेत नाही, ग्रामपंचायत. ग्रामपंचायत म्हणून मी नाक मुरडत नाहीये, माझं माहेर ग्रामपंचायतीतलंच आहे, पण दहा हजार फ्लॅटचा कचरा आणि ड्रेनेज बघणं हे त्या यंत्रणेचं कामच नाही, तिचा बांधा तेवढा नाही.

मी ऑफिसला जाणार तीन दिवस, तेही दिवसाचे दहा तास. बाकीचे तिघं त्या एरियात चोवीस तास राहणार. आत्तापर्यंत सगळी चर्चा माझ्या कम्यूटवर चालली होती, ती आजपासून बंद. उद्यापासून क्रम असा: चिऊची शाळा, आबांचं फिरणं, पाणी, मग माझा रस्ता. नवऱ्याच्या कामाला फक्त चांगलं नेट लागतं, ते आता सगळीकडं आहे, त्यामुळं त्याला शेवटी ठेवलंय, त्याची हरकत नाही असं त्यानं लेखी दिलेलं आहे (म्हणजे खाली थम्स अप टाकलाय).

१५ मार्च
ताथवडेतली एक सोसायटी, अकरावा मजला, भाडं २६, फ्लॅट उत्तम, हवा उत्तम. मालक फोनवर म्हणाले पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही. सेक्रेटरी म्हणाले काही प्रॉब्लेम नाही. खाली आलो तर गेटवर वॉचमनच्या टेबलावर एक लांबट रजिस्टर उघडं पडलेलं, त्यात रकाने आखलेले, तारीख, टँकर नंबर, आत आला कधी, बाहेर गेला कधी, सही. मी सहज पान मागं उलटलं. मार्च अजून अर्धा व्हायचाय आणि दिवसाला पाच-सहा टँकर, कुठं कुठं आठ. रात्री पावणेतीनला पण एक आत आलेला. वॉचमनला विचारलं दादा एवढे लागतात का, तर म्हणाला "मॅडम हे तर कमी आहेत, एप्रिलमध्ये बघा". टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये, मेंटेनन्स मालक भरणार असं ठरलं तरी दर वाढला की तो भाड्यात आपल्याकडंच येतो.

तर भाऊजी, नोंद घ्या: मालक, ब्रोकर, सेक्रेटरी कुणालाही विचारू नका, गेटवरचं टँकरचं रजिस्टर बघा. रजिस्टर नसेल तर वॉचमनशी पाच मिनिटं बोला. आणि भेट उन्हाळ्यात द्या, ऑगस्टमध्ये सगळ्याच सोसायट्या पाणीदार असतात.

पिंपरी-चिंचवडला तसंही नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. पवना धरणाचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात, शहर वाढलं तसं ते पुरेना. म्हणजे महापालिका हद्दीत कुठंही गेलं तरी दिवसाआड, प्रश्न फक्त एवढाच की आलेलं पाणी साठवून दोन दिवस पुरतं की नाही. उंच टॉवरमध्ये माणसं जास्त, टाकी तेवढीच, तिथं टँकर. कमी माणसांच्या जुन्या घरात भागतं.

२३ मार्च
सांगवी-पिंपळे निलखच्या बाजूला नदीजवळ एक तळमजला, भाडं १९, आबांसाठी अगदी योग्य. स्वस्त का ते कळेना. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडं चिऊला चॉकलेट घ्यायच्या निमित्तानं थांबलो. त्यांनी शटरच्या पट्टीवर हात ठेवून दाखवला, माझ्या कमरेच्या वर. मागच्या जुलैत मुळेचं पाणी तिथपर्यंत आलेलं, तेलाचे डबे तरंगत होते म्हणे. शटरवर तपकिरी रेघ अजून आहे, पुसून पुसून फिकी झालेली.

घरी येऊन पूररेषेचं वाचलं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचंच नसतं. असतं मात्र. नकाशा बघायचा आणि नकाशा कळला नाही तर किराणावाल्याला विचारायचं. धरणातून पाणी सोडलं की काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

३० मार्च
गुढीपाडवा. काही बघितलं नाही. श्रीखंड.

२ एप्रिल
शाळेवर बसलो. ताईची मुलं सीबीएसईला, तिच्याकडच्या शाळांचं नवं वर्ष १ एप्रिलला सुरूसुद्धा झालं, आपल्याकडं चिऊची परीक्षाच एप्रिलअखेर. आणि फी ऐकून आबांनी विचारलं की एवढ्यात पदवी पण देतात का. फी हे एक कारण, पण खरं कारण वेगळं, चिऊला सेमीतून काढून एकदम पूर्ण इंग्रजीत टाकायचं, घर बदललेलं, मैत्रिणी सुटलेल्या, आजोबांशिवाय ओळखीचं कुणी नाही, हे सगळं एकाच जूनमध्ये नको. सेमी चालू ठेवायचं.

नवऱ्यानं दोन दिवस फोन लावले. वाकड-ताथवडे-पुनावळे पट्ट्यात सेमीच्या शाळा शोधाव्या लागतात, तिथली वस्तीच नवी आणि बाहेरून आलेली. पण चिंचवड, आकुर्डी, निगडी इकडं एकाला एक लागून आहेत, जुन्या, मैदान असलेल्या. आणि आपलं नशीब म्हणजे पाचवी. बऱ्याच जुन्या हायस्कूलचे वर्ग पाचवीपासून सुरू होतात, त्यामुळं तिथं पाचवीला नवीन मुलं घेतातच. सहावीला असती तर "जागा रिकामी झाली तर कळवतो".

एका शाळेतल्या क्लार्क बाईंनी फोनवर सरळ सगळं सांगितलं: निकालपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि जुन्या शाळेनं सरलवरून (शाळांचं सरकारी पोर्टल) मुलीचं नाव ट्रान्सफर करायला पाहिजे, नाहीतर ती इकडं वर्गात बसते आणि कागदावर नाशिकलाच राहते. वर म्हणाल्या, "राहणार कुठं? लांबून येणार असाल तर नका घेऊ, पोरं दमतात."

म्हणून आता उलटं चालायचं, शाळेभोवती चालत जाण्याएवढं वर्तुळ आणि त्यात घर. नकाशावर वर्तुळ काढलं तर ते पडलं निगडी प्राधिकरणावर. हे नाव आमच्या यादीतच नव्हतं.

५ एप्रिल
प्राधिकरण बघितलं. ह्याला प्राधिकरण का म्हणतात तर पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये निघालं, कामगारांना घरं मिळावीत म्हणून जमिनी घेऊन सेक्टर पाडून वसवलेला भाग. आता ते प्राधिकरणच राहिलं नाही, २०२१ मध्ये विलीन झालं, पण रस्ते तेव्हाचे, रुंद आणि सरळ, दोन्ही बाजूला झाडं. फुटपाथ आहेत आणि त्यावर माणसं चालतात!! बंगले, रो हाऊस, तीन-चार मजली बिल्डिंगा. सेक्टर नंबरनं पत्ता सापडतो.

आबांना एका बागेत सोडून आम्ही घरं बघायला गेलो. तासाभरानं परत आलो तर कट्ट्यावर चार म्हातारे आणि मध्ये आमचे आबा, त्यातले एक सिन्नरचे निघाले, एक टेल्कोतून रिटायर, आबा त्यांना गंगापूर धरणाचं सांगतायत. मला बघून म्हणाले, "तुमचं घर बघून झालं नसेल तर अजून बघा, मला घाई नाही."

दुसरी गोष्ट, नाशिकचा रस्ता. इथून स्पाइन रोडनं मोशीला निघालं की सरळ नाशिक हायवे. वाकडवरून आधी नाशिक फाटा गाठा, मग भोसरी. चाकणचं ट्रॅफिक दोघांनाही चुकत नाही ते सोडा, पण त्याच्याआधीचा तासभर वाचतो. नवऱ्याला महिन्यातून दोनदा जायचंय म्हणजे हे थोडंथोडकं नाही. पुण्यात बाहेरून येणाऱ्यानं आपलं गाव कुठल्या रस्त्याला लागतं त्या बाजूला घर बघावं असं मला वाटायला लागलंय, कोल्हापूर-सातारावाल्याला हेच प्राधिकरण अडचणीचं होईल.

८ एप्रिल
आता माझा रस्ता, ज्यावरून सगळे मला वेड्यात काढतायत. टीममधला एकजण म्हणाला "निगडी? लोक हिंजवडीच्या जवळ येतात, तू लांब चाललीस". मंगळवारी सकाळी भक्ती-शक्ती चौकातून निघून बघितलं. रावेतमार्गे हायवेच्या सर्व्हिस रोडनं, मॅपवर तेरा-चौदा किलोमीटर. रावेतपर्यंत गाडी पळते. पुनावळे आणि ताथवडेच्या अंडरपासजवळ दाटी, ते अरुंद आहेत आणि पावसात तिथं तळं होतं असं सगळे सांगतात, भूमकरला नेहमीचंच. एक तासाला पाच मिनिटं कमी. वाकडवरून पाऊण तास लागला होता. म्हणजे दुप्पट अंतराला फरक दहा-बारा मिनिटांचा.

आणि कंपनीची बस भक्ती-शक्तीवरून सुटते हे एचआरला विचारल्यावर कळलं. बसला सव्वा तास पकडू, पण बसायला मिळतं आणि पहिलाच स्टॉप असल्यामुळं खिडकी.

रात्री नवरा म्हणाला, "अगं पण रोज अडीच तास जातील तुझे. दोन वर्षांनी वैतागशील आणि मग मला बोलशील."
मी म्हटलं, "रोज नाही, तीन दिवस. आणि तुला तर मी तसंही बोलणारच आहे."
हसला, पण त्याचं म्हणणं चूक नाही. कंपनीनं उद्या पाच दिवस ऑफिस केलं तर हे गणित फिरतं. म्हणून करार ११ महिन्यांचाच करायचा, पुढचं पुढं.

१९ एप्रिल
घर मिळालं. सेक्टरमधला जुना बंगला, वर मालकीणबाई एकट्या, खाली दोन बेडरूम आणि मागं कपडे वाळत घालायला अंगण. भाडं २२, डिपॉझिट ६६. काकू साठीच्या पुढच्या, मुलगा कॅनडाला. त्यांनी आमची जी उलटतपासणी घेतली तशी नवीन कंपनीनंही घेतली नव्हती, गाव कुठलं, सासरे हिंडतेफिरते आहेत का, मुलगी गच्चीत दाणदाण उड्या मारते का. मी मुद्दाम आधीच सांगून टाकलं की आमच्याकडं रविवारी मटण असतं, नंतर कटकट नको. त्या एक मिनिट गप्प. मग म्हणाल्या, "वाटीभर वर पाठवत जा. मला एकटीला करायला होत नाही."

पाण्याचं विचारलं तर स्वतः पुढं होऊन दाखवलं. अंगणात जमिनीखालची टाकी, लोखंडी झाकण बाजूला सारून आत काठी घालून खोली दाखवली, काठीला कपड्याच्या चिंध्या बांधून खुणा केलेल्या: खालच्या खुणेवर पाणी आलं की धुणं बंद. दिवसाआड पहाटे पाणी येतं, मोटर लावायचं काम आजपर्यंत त्यांचं होतं, आता खालच्या भाडेकरूचं. आबा लगेच म्हणाले मी लावतो, मी तसाही पाचला उठतो. टँकर कधी मागवला होता विचारलं तर त्यांना आठवेना, हे मला सगळ्यात आवडलं.

(विकत घेणार असतो तर इथल्या ९९ वर्षांच्या लीजची भानगड आधी समजून घ्यावी लागली असती. भाडेकरूला त्याचं सोयरसुतक नाही.)

२६ एप्रिल
भाडेकरार. एजंट घरीच आला, लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन, काकूंचा अंगठा काही केल्या लागेना, शेवटी हात धुऊन पुसून करंगळीपर्यंत सगळी बोटं झाली. लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावाच लागतो, नुसता नोटरीवाला चालत नाही. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाचं दहा टक्के व्याज धरतात आणि ते त्यात मिळवतात, आमची सहाशे-सातशेच्या आसपास आली. वरचे एजंटचे. पोलीस व्हेरिफिकेशन ऑनलाइन, आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं निवडायचं, पुण्याचं नाही, ते २०१८ पासून वेगळं आहे.

भाऊजींसाठी: जुन्या टॅक्स रेजिममध्ये असाल तरच एचआरए (घरभाडं भत्ता) बघा, नव्यात ती सूट नाही. आणि २०२५-२६ साठी पगारात पुणे मेट्रो शहर धरत नाहीत, ४० टक्केवालं. भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन लागतो, तो करारातच लिहून घ्या, मार्चमध्ये मागायला गेलं की मालकांना एकदम ऐकू येईनासं होतं.

६ मे
निकाल लागला, दाखला मिळाला. दाखल्यावर जन्मठिकाण चुकीचं पडलेलं, दुरुस्तीला परत चक्कर. सरलचं ट्रान्सफर शाळा करणार म्हणालीय. नवीन शाळेत प्रवेश झाला, चालत सात-आठ मिनिटं, एकच मोठा रस्ता ओलांडायचा.

१८ मे
पेपरमध्ये, चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेनं काल पाडले. लोकांनी पैसे मोजून घेतलेले, बांधलेले, राहत होते. किराणावाल्या काकांची शटरवरची रेघ आठवली. नवऱ्याला पेपर दाखवला, काही बोलला नाही, नंतर बघते तर मोबाईलवर प्राधिकरणाचा नकाशा मोठा करून नदी कुठंय ते बघत होता. लांब आहे.

२५ मे
सामान हललं. मे महिना म्हणून निर्धास्त होतो आणि पाऊस. नारायणगावच्या पुढं ट्रकवरची ताडपत्री फडफडायला लागली, गाद्या एका बाजूनं भिजल्या. चाकणला दीड तास. बाकी काही फुटलं नाही.

२७ मे
काल मान्सून पुण्यात पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, इतक्या लवकर येतो का कधी. गाद्या अजून ओल्याच. काकूंनी वरचा पंखा दिला.

८ जून
पहिला आठवडा झाला. काल शनिवारी पाऊस झाला आणि हिंजवडीत रस्त्यांचे ओढे झाले, व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतायत, त्यात बस पाण्यात उभी. ताईचा फोन, माणकडचे तिचे ओळखीचे लोक गाडी सोडून चालत घरी गेले. शनिवार होता म्हणून मी घरी होते, बुधवारी झालं असतं तर मीही त्यातच. एरिया कुठलाही निवडा, ऑफिस तिथंच आहे, त्याला आपल्या हातात इलाज नाही, फक्त जोराचा पाऊस सांगितला की आदल्या दिवशी मॅनेजरला मेसेज टाकायचा एवढं ठरवलंय.

बसनं आत्तापर्यंत सव्वा ते दीड तास घेतलाय, एप्रिलमध्ये धरला त्यापेक्षा जास्त, आणि येताना जातानापेक्षा वाईट. स्कूटर पावसाळ्यात नको म्हणून ठेवून दिलीय. पाच दिवस ऑफिस होणार अशी कुजबुज कँटीनमध्ये आहे. ऐकून घेतलं.

१६ जून
शाळा सुरू. चिऊला आबा सोडून आले, येताना भाजी. वर्गात तिला "नाशिकची" म्हणतात, तिला ते आवडलेलं दिसतंय.

१९ जून
तुकोबांची पालखी आज आकुर्डीला मुक्कामी. हे आम्हाला घर घेताना लक्षातच आलं नव्हतं की देहूहून निघालेली पालखी आपल्याच दारावरून जाणार. भक्ती-शक्तीकडचे रस्ते बंद, कंपनीच्या बसचा मेसेज आला की स्टॉप आज नाही, मी घरूनच काम. आबा आणि काकू सकाळपासून गायब आहेत, दोघांपैकी कुणाचाही फोन लागत नाही. मोटर मी लावली.

२२ जून
भाऊजींचा फोन, त्यांची बोलणी खराडीच्या कंपनीशी चाललीत आणि "वहिनी, तुमची ती फाईल पाठवा". पाठवतेय, पण एरियांची नावं सगळी गाळून वाचा. खराडी पुणे महापालिकेत, नदी तिथं मुळा-मुठा, रस्ता नगर रोड, मेट्रो रामवाडीपर्यंतच येते. नाशिकला जायला तिथून आळंदीवरून मोशी-चाकण नाहीतर शिक्रापूरवरून चाकण हे रस्ते चालवून बघावे लागतील. तुमचा पिंटू पहिलीत आहे म्हणजे शाळेचं वर्तुळ आमच्याएवढं घट्ट नाही, आणि घरातली म्हातारी माणसं तुमच्याकडं येणार की नाही हे आधी ठरवा, त्यावर तळमजला लागतो की नाही ते ठरेल. वाघोलीचं भाडं ऐकून हुरळून जाऊ नका, टँकरचं रजिस्टर बघा. जुलैत येताय ना, एक आठवडाभराची रजा टाकून या, शनिवार-रविवार नको.